संत्र्याले दुखत नाही

फोन आला तेव्हा मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर एक मुलगी, रोगी पलंगावर असतानाच त्याच्या अंगाखालची चादर कशी बदलायची ते करून दाखवत होती. रोगी म्हणून तिचीच मैत्रीण झोपली होती. माझ्या एप्रनच्या खिशात मोबाईल थरथरला. काढून पाहिलं तर प्रमिलाताईंच्या धाकट्या भावाचं नाव. तो रामाकोन्याला असतो आणि एरवी मला कधी फोन करत नाही, त्यामुळे नाव पाहिलं तेव्हाच मला कळलं. दारापाशी जाऊन फोन कानाला लावला. "ताई गेली जी," तो म्हणाला. "आत्ताच. चहा मागतला होता तिनं... मी घेऊन येतपर्यंत..." "येते," इतकंच म्हणाले. पण लगेच निघता आलं नाही. आमच्या शाळेत शिकवणाऱ्या बाया आधीच कमी, त्यात परीक्षा मध्येच सोडता येत नाही. व्हरांड्यात मुली पाठ केलेलं पुटपुटत उभ्या होत्या. मी आत येऊन परत भिंतीला टेकून उभी राहिले. त्या मुलीने मैत्रिणीला कुशीवर वळवलं, मळकी चादर गुंडाळत तिच्या पाठीपर्यंत आणली, स्वच्छ चादर मागोमाग सारली. एक सुरकुती राहिली होती, ती तिने तळहाताने काढून टाकली. परीक्षक बाईंनी मान डोलावली. मला फक्त खाली बसावंसं वाटत होतं.

याला आता काही आठवडे होऊन गेले. रडू त्या दिवशी आलं नाही, नंतरही फारसं आलं नाही. आला तो थकवा... पाय जड होतात, तसं मनच जड होऊन बसलं आहे. आमच्या जुन्या मैत्रिणी फोनवर म्हणतात, तू त्यांच्या सगळ्यात जवळची, तू लिही. लिहायला बसले की डोळे मिटतात. तरी लिहिते, कारण प्रमिलाताईंवर दुसरं कोणी लिहिणार नाही. त्या नर्सिंगच्या शाळेत शिकवत. तिथे शिकवणाऱ्यांचे सत्कार होत नाहीत.

मी पांढुर्ण्याची, हिंदी राज्यातल्या मराठी पट्ट्यातली. घरचं कापडाचं दुकान. बारावीनंतर सौसरच्या बाजूला असलेल्या एका नर्सिंगच्या शाळेत माझं नाव लागलं, तेव्हा प्रमिलाताई, आमच्या प्रमिला मॅडम, तिथे नव्यानेच शिकवायला आल्या होत्या. सावळ्या, ठेंगण्या, कायम इस्त्रीची साडी, आणि बोलणं मात्र अस्सल आमच्याकडचं. पुस्तकं इंग्रजीत, शाळेचा कारभार हिंदीत, आणि आम्ही सगळ्या पोरी मराठीत विचार करणाऱ्या. मधल्या मध्ये लटकलेल्या. प्रमिला मॅडम आधी इंग्रजी वाक्य वाचत, मग पुस्तक पालथं घालून म्हणत, "आता आपल्या भाषेत सांगतो, नीट आयका." आणि मग जे सांगत ते आजही विसरलेलं नाही. त्या रामाकोन्याच्या, शेतमजुरी करणाऱ्या बौद्ध कुटुंबातल्या. गावातून शिकून नोकरीला लागलेल्या पहिल्या मुलींपैकी एक. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही, आम्हाला इकडून तिकडून कळलं.

पहिले काही महिने आम्ही रोग्याला हातच लावला नाही. शाळेत एक रबरी बाहुला होता, माणसाएवढा, त्याचा एक पाय सैल झालेला. त्याला आंघोळ घालायची, कूस बदलायची, नाकातून नळी घालायची. इंजेक्शन शिकलो ते संत्र्यांवर. आमच्याकडे संत्र्यांना काय तोटा! बहार आला की कोणाच्या ना कोणाच्या घरून पोतं यायचं. सिरिंजमध्ये पाणी भरायचं, सुई कोणत्या कोनात धरायची ते पाहायचं आणि सालीतून आत घालायची. वर्गभर तो वास. आठवड्याभरात आम्हाला वाटू लागलं की आता आपल्याला येतं. माझी खोलीतली सोबतीण रंजना तर डोळे मिटून टोचून दाखवायची. मॅडम एकदा मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मस्त. पण संत्र्याले दुखत नाही ना बाई. ते हात मागे घेत नाही, त्याची माय बाजूले बसून रडत नाही. संत्र्यावर हात साफ होते. नर्स नाही होत."

मग त्यांनी आम्हाला रोगी केलं. हे कोणत्या पुस्तकात नव्हतं. प्रत्येकीने एक दुपार पलंगावर पडून काढायची. उठायचं नाही, स्वतःच्या हाताने काही करायचं नाही. तहान लागली तर मागायचं आणि कोणी आणून देईपर्यंत थांबायचं. माझ्या दुपारी मला रंजनाने वरण-भात भरवला. ती घाईत, तिला नंतर गप्पा मारायच्या होत्या. चमच्यामागे चमचा. मी आडवी पडलेली, गिळायला उसंत नाही, वरण ओघळून कानापर्यंत गेलं आणि मला ठसका लागला. मॅडम खिडकीपाशी उभ्या राहून पाहत होत्या. "काहून वो रंजना, पोतं भरून राहिली का तू?" सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. कोणीतरी आपल्या तोंडात घास घालतं आणि आपल्याकडे पाहतही नाही, हे काय असतं ते त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी रंजनाची पाळी. तिला भांडं दिलं आणि बराच वेळ जाऊनही तिला लघवी होईना. ती रडकुंडीला आली. मॅडम म्हणाल्या, "नाही झालं ना? रोग्याले बी होत नाही. चार लोकाच्या देखत कोणालेच होत नाही. उठ, आता पडदा कसा लावाचा ते दाखव सगळ्याईले."

त्याच वर्षी दिवाळीत मी घरी गेले आणि आईने मला परत पाठवायला नकार दिला. भांडं कसं द्यायचं, कूस कशी बदलायची, ते शाळेत शिकलेलं मीच कौतुकाने सांगून बसले होते. आईचं एकच, असलं काम आपल्या घरच्या पोरीनं करायचं नाही. सुट्टी संपून गेली. मग एका शनिवारी प्रमिला मॅडम स्वतः आल्या, जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या गर्दीतून बसमध्ये उभ्या राहून. ओसरीवर बसल्या. आई आत-बाहेर करत राहिली, मग उभ्यानेच म्हणाली, "मॅडम, राग नका मानू, पण लोकाचं हागमूत आमच्या पोरीनं काहून काढाचं?"

"काकू," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई अंथरुणाले लागल्या होत्या म्हणते वैशाली. त्याईचं कोण काढत होतं?"

"मीच. दुसरं कोण काढन?"

"तुमाले कोणी शिकवलं होतं?"

"त्यात शिकवाचं काय राहते?"

"सासूबाईच्या पाठीले जखमा झाल्या होत्या का?"

आजीच्या पाठीच्या त्या जखमा घरात सगळ्यांना आठवत होत्या, त्यांचा वासही. मॅडमचा आवाज चढला नव्हता, उलट उतरलाच होता. "तुमी जीव लावून केलं काकू, मले माहीत आहे. फक्त कूस कधी बदलाची ते कोणी सांगतलं नाही तुमाले. वैशालीले आमी ते सांगून राहिलो. इतकाच फरक."

चहा आला. घरातले कप सोडून वेगळ्या फळीवर ठेवलेला एक कानतुटका कप होता, त्यात. मी पाहिलं, मॅडमनीही पाहिलं. त्यांनी चहा संपवला, कप उचलून मोरीपाशी नेऊन ठेवला आणि मला म्हणाल्या, "पिशवी भर, बस चुकन." आईने अडवलं नाही. बसमध्ये खिडकीपाशी बसून त्या कितीतरी वेळ बाहेर पाहत होत्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "अद्रक जास्त झालं होतं चहात. तुह्या आईले सांगजो." बस, त्यावर एवढंच. पुढे इतकी वर्षं आम्ही एकत्र काम केलं, पण त्या कपाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मला काढता आला नाही.

दुसऱ्या वर्षी आम्हाला खऱ्या वॉर्डात ड्युट्या लागल्या, आणि नर्सिंगच्या शिक्षणातली जी गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते ती आम्हाला कळली. शिकणारी पोरगी म्हणजे फुकटचे दोन हात. बीपी घ्या, रक्त पोचवा, एक्सरेला रोगी न्या, औषधं आणा, फरशीवर सांडलेलं पुसा. शिकायचं कधी, तर यातून वेळ उरला की. वेळ उरत नसे. पाय सुजत, दुपारी जेवायला बसलं की ताटावरच डुलकी लागे. मॅडम वॉर्डाच्या मुख्य सिस्टरशी भांडत, "पोट्ट्या शिकाले आल्या, राबाले नाही." भांडण जिंकत फार कमी वेळा. त्यात शाळेने खर्च वाचवायला एकाच वेळी दोन ठिकाणी मुली पाठवायला सुरुवात केली. मॅडम एक, दवाखाने दोन.

जे घडलं ते त्यातल्या एका खाजगी दवाखान्यात. गावाचं नाव लिहीत नाही. सकाळची वेळ, पूर्ण मजल्यावर एकच सिस्टर. तिने धावतपळत रंजनाच्या हातात सलाईनची बाटली दिली, आत औषध घातलेलं, आणि म्हणाली, शांताबाईंना लाव. वॉर्डात शांताबाई दोन होत्या, शेजारीशेजारी. रंजनाने अलीकडच्या पलंगावरच्या आजींना 'शांताबाई ना?' विचारलं, आजी 'हो' म्हणाल्या, आणि तिने लावलं. औषध पलीकडच्या शांताबाईंचं होतं. मी समोरच्या पलंगापाशी होते. थोड्याच वेळात आजींना थंडी वाजू लागली, अंगावर लाल चट्टे उठले, श्वास घेताना छाती शिट्टीसारखी वाजायला लागली. रंजना जागच्या जागी थिजली. मी सलाईन बंद केलं आणि ओरडले. डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. आजी वाचल्या, पण ते कळायला दुपार झाली. तोपर्यंत नातेवाईक जमले होते, कोणी टेबलावरची औषधं फेकली, आणि आमची शाळा चालवणारे साहेब येऊन दवाखान्याच्या व्यवस्थापकांच्या खोलीत बसले होते. मुलीला काढून टाकायचं, विषय संपवायचा, असं ठरत आलं होतं.

मॅडम दुसऱ्या दवाखान्यातून ऑटोने आल्या. खोलीचं दार उघडंच होतं, आम्ही बाहेर उभ्या. "पोरीची चूक आहे," त्या म्हणाल्या. रंजनाने हुंदका दिला. "पण शिकणाऱ्या पोरीनं एकटीनं औषध द्यायचंच नसते. तिच्या बाजूले मी पाहिजे होती. मी नव्हती. तं माह्यं नाव लिहा."

साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर इथे नव्हताच. तुमचा काय संबंध?"

"नव्हती, तोच संबंध."

त्या बाहेर आल्या. आम्हाला वाटलं, आता रंजनाला जवळ घेतील. नाही घेतलं. म्हणाल्या, "तोंड धू आणि चाल." तिला घेऊन थेट त्या आजींच्या पलंगापाशी गेल्या. सुनेला म्हणाल्या, "या पोरीकडून चुकीचं सलाईन लागलं. ती आता इथीच बसन. आजीचा श्वास पाहीन, नाडी पाहीन. तुमाले तिच्यावर ओरडाचं असन तं ओरडा, पण तिले इथून उठवू नका." सून ओरडली, बरंच ओरडली. रंजना स्टुलावर बसून आजींचं मनगट धरून होती, डोळ्यांतून पाणी चालू. संध्याकाळकडे आजींनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहत राहिल्या, आणि पहिला प्रश्न विचारला, "पोरी, तू जेवली का?" रंजना आज मोठ्या शहरात अतिदक्षता विभाग सांभाळते. ती म्हणते, मला शाळेतून काढलं असतं तर चाललं असतं, पण त्या स्टुलावरून पळू दिलं असतं तर मी पुन्हा कोणाला हात लावू शकले नसते.

रंजना राहिली. मॅडम गेल्या. महिना संपता संपता त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं. आम्ही पोरी साहेबांकडे गेलो, त्यांनी आम्हाला बाहेर थांबवलं आणि भेटलेच नाहीत. पुढची काही वर्षं प्रमिला मॅडमनी पांढुर्ण्याला एका बाळंतपणाच्या दवाखान्यात नोकरी केली. तिथल्या कामाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण मी सुट्टीत भेटायला गेले की त्या दुसरं काही बोलू देत नसत. नव्या मॅडमनी काय शिकवलं, कसं शिकवलं, पोरी काय विचारतात, हेच विचारत राहायच्या. शाळेत नवे साहेब आले तेव्हा त्यांनी मॅडमना परत बोलावलं. मी तोवर पास होऊन, इकडे-तिकडे नोकरी करून, त्याच शाळेत शिकवायला लागले होते. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "आता मॅडम नको म्हणू वो. ताई म्हण." जिभेला वळण लागायला वेळ लागला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते, नदीच्या मधोमध रोवलेला झेंडा काढून न्यायला दोन काठांवरचे लोक एकमेकांवर दगड मारतात, आणि प्रथमोपचाराच्या तंबूत आमच्या मुलींची ड्युटी लागते. डोकी फुटलेली माणसं एकामागून एक येतात. नव्या मुली रक्त पाहून पांढऱ्या पडतात. ताईंचा नियम होता, आधी जखम पाहू नका, तोंड पाहा. एका वर्षी एक तरणा माणूस आला, कपाळातून धार, आणि घाई त्यालाच. "टाके जल्दी मारा सिस्टर, जाचं आहे, झेंडा अजून उभा आहे."

ताईंनी मागे दडलेल्या एका मुलीला पुढे केलं. "विचार त्याले."

"काय विचारू?"

"नाव विचार. आज कोणता वार ते विचार. शुद्ध पाहाची राहते ना!"

मुलीने विचारलं. तो म्हणाला, "वार? गोटमारीचा वार." तंबूभर हशा पिकला, ती मुलगीही हसली, आणि हसता हसता तिने हातमोजे चढवले. ताईंनी तिच्याकडूनच जखम धुऊन घेतली. दिवस संपला तेव्हा आम्ही दोघी तंबूच्या मागे, संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांवर बसलो होतो. ताईंनी चपला काढल्या, घोट्यांवर पट्ट्यांचे वळ उठलेले. "थकली वो मी वैशाली," त्या म्हणाल्या. "दरसाली पोट्ट्या नव्या, थकवा आपला जुनाच." मग म्हणाल्या, "मुलीईले आता फक्त सर्टिफिकेट पाहिजे. परवा एक मले म्हणे, मॅडम, व्हिडिओ आहे ना मोबाईलवर, पाहून घेऊ. मी म्हटलं, पाह्य बाई. व्हिडिओतल्या माणसाले बी दुखत नाही." त्या हसल्या, पण त्या हसण्यात जीव नव्हता. लग्न त्यांनी केलं नाही. आईचं आजारपण, भावाचं शिक्षण, आणि शाळा. आयुष्य त्यातच गेलं, आणि ते वाया गेलं असं त्यांना वाटत होतं की नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. कधी वाटायचं असावं.

पोटात दुखतं असं त्या बराच काळ कोणाला बोलल्याच नाहीत. बोलल्या तेव्हा उशीर झाला होता. नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या, औषधांनी केस गेले, हातांच्या शिरा आत कुठे तरी दडून बसल्या. शेवटी त्यांनीच नागपूर बंद केलं. "बस झालं आता. सौसरले राहतो, पोरी तं दिसत राहतीन." आमच्या मुलींची ड्युटी असलेल्या वॉर्डातच त्या दाखल झाल्या, खिडकीच्या बाजूचा पलंग. मुली त्यांच्या पलंगाला वळसा घालून जात. ज्यांनी हात धरून शिकवलं त्यांनाच हात लावायचा धीर कोणाला होईना. ताईंच्या ते लक्षात आलं. एका सकाळी सलाईनची सुई बदलायची होती. मी स्वतः ट्रे घेऊन गेले तर म्हणाल्या, "तू काहून? आचलले बोलव."

आचल ही तिगावची, दुसऱ्या वर्षाची, वर्गातली सगळ्यात हळू मुलगी. वडील रेल्वेच्या रुळांवर कामाला. तिला सगळं समजतं, पण हाताशी येईपर्यंत वेळ लागतो. ती आली आणि ट्रे पाहून मागे सरकली. "मॅडम, मले नाही जमणार. तुमच्या शिरा..."

"शिरा खराबच आहे. सोप्या शिरेवर कोणी बी शिकते. बस."

तिने पट्टा बांधला, मनगटाच्या वर बोटांनी चाचपडत राहिली. पहिल्यांदा सुई गेली, रक्त आलं नाही. काढली, कापूस दाबला. ताईंचा चेहरा आक्रसला. मी पुढे झाले, तर त्यांनी दुसऱ्या हाताने मला थांबवलं. "तिले करू दे." दुसऱ्यांदा शीर लागली असं वाटलं, आणि लगेच तिथे निळसर फुगा आला. आचलच्या कपाळावर घाम. तिने तिसरी जागा शोधायला हात उचलला.

"थांब आता," ताई म्हणाल्या. आवाज खोल गेला होता, पण वर्गातलाच. "दोनदा झालं ना? दोनदा झालं की थांबाचं. दुसऱ्याले बोलवाचं. तिसऱ्यांदा जे टोचते ते रोग्यासाठी नसते, आपल्या इज्जतीसाठी असते."

आचल रडायला लागली. "मॅडम, मी नापास झाली."

"कशाची नापास? आज तू थांबाले शिकली. हे मोठमोठ्याईले येत नाही." मग माझ्याकडे पाहून, "वैशाली, तू लाव. अन् आचल, तू माह्या हात धरून ठेव, मले आता दुखून राहिलं." मी लावलं. मला एका प्रयत्नात लागलं, याचा आनंद वगैरे काही झाला नाही. आचलने तो हात बराच वेळ सोडला नव्हता. त्या दिवसापासून मुली त्या पलंगाला वळसा घालेनाशा झाल्या. आंघोळ, तोंड धुणं, कूस बदलणं, सगळं त्यांनी आपसांत वाटून घेतलं आणि ताई पडल्या पडल्या चुका काढत राहिल्या... चुका काढायची ताकद होती तोपर्यंत. मग एके दिवशी म्हणाल्या, घरी जातो. भावाने रामाकोन्याला नेलं.

परीक्षा आटोपून मी पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. घरात बाया आंघोळीची तयारी करत होत्या, पाणी कोमट करून ठेवलेलं. भावाच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून जागा दिली. मी पदर खोचला. आमच्या शिक्षणात हेही असतं, गेलेल्या माणसाची शेवटची सेवा. त्याचा धडा पुस्तकात जेमतेम पानभर आहे. ताईंनी तो आम्हाला वॉर्डात शिकवला होता, कोणीच नातेवाईक नसलेल्या एका म्हाताऱ्यापाशी उभ्या राहून, आणि त्याला आंघोळ घालताना त्या पूर्ण वेळ त्याच्याशी बोलत होत्या. बाबा, आता हात उचलतो. बाबा, पाणी कोमट आहे. आमच्यातली एक म्हणाली होती, मॅडम, त्याले कुठं आयकू येते? तर म्हणाल्या, "त्याले नसन येत. तुह्या हाताले तं येते. बोलली नाही तं हात लाकडं उचलल्यावानी उचलन." बेशुद्ध रोगी असो, नवजात बाळ असो की मेलेलं माणूस, त्या हात लावण्याआधी सांगत. मी ताईंचा हात उचलला. सुईचे डाग अजून निळे होते. "ताई, उजवा हात धुऊन राहिली," मी म्हणाले. बाया क्षणभर थांबल्या. "आता कूस बदलते हं. वहिनी मागून धरून आहे." पाठ पाहिली. स्वच्छ होती, एकही जखम नव्हती. भावजयीने नीट केलं होतं. पांढरं लुगडं नेसवलं, केस नव्हतेच, डोक्यावरून पदर घेतला. बाहेर त्रिशरण सुरू झालं तेव्हा मी हात पुसून बायांमध्ये जाऊन उभी राहिले.

आता रोजचं रोजच्यासारखं आहे. नवी तुकडी येईल, नव्या मुलींना रबरी बाहुल्याची भीती वाटेल, मग ती जाईल. ताईंच्या जागी अजून कोणाला घेतलेलं नाही, त्यांचे तास मीच घेते. संध्याकाळी घरी गेले की दिवा न लावता थोडा वेळ बसून राहते. कंटाळा नाही म्हणणार. पण दम लागतो.

परवा वॉर्डात सकाळच्या फेरीला गेले. खिडकीच्या बाजूच्या पलंगावर आता एक म्हातारबाबा आहेत. पक्षाघाताने बेशुद्ध, मुलगा बाहेरगावी, सोबतीला कोणी नाही. पडदा ओढलेला होता. आतून आचलचा आवाज येत होता, दबका, तिगावकडच्या वळणाचा. "बाबा, तोंड पुसून देतो जी... थंड लागन थोडसं... आता ह्या बाजूनं... झालं, झालं." वाटीत फडकं पिळल्याचा आवाज आला. मग पुन्हा, "आता कूस बदलतो बाबा, भेऊ नका." मला त्या पलंगाची नोंद पाहायची होती. मी पडदा उघडला नाही. पुढच्या पलंगाकडे गेले.